दोन बाटल्यांची बाई

माझ्या मधल्या खोलीत एक लाल दिवा अजूनही आहे. सध्या तिथे कंपनीत काम करणारी पोरं राहतात, बिहारकडची. आल्या दिवशी त्यांतल्या एकाने विचारलं, "आंटी, ये लाल बल्ब किसलिए?" मी म्हटलं, "बाई का है. रहने दो." भिंतीवर दोन होल्डर आहेत. एकात पोरांनी पांढरा लावून घेतला, दुसऱ्यातला लाल तसाच आहे. तो काढून टाकायचं मनात येतं. पण आता मला स्टुलावर चढवत नाही, आणि पोरांना सांगायचं राहून जातं.

बाई राहायला आल्या तेव्हा आमच्या जांबे गावात एवढ्या इमारती नव्हत्या. माझ्या दारातून हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचा दिसायच्या आणि अलीकडे आमच्या शेळ्या चरायच्या. आमच्या मालकांनी जमिनीचा एक तुकडा विकून रस्त्याला लागून खोल्या बांधल्या आणि त्यात पहिला भाडेकरू यायच्या आत ते वारले. मागे मी, सासरी दिलेली लेक मंगल आणि शेळ्या.

खोली बघायला आलेलं माणूस आधी भाडं विचारतं, मग पाण्याचं विचारतं. बाईंनी विचारलं, "रात्री रस्त्याचा दिवा खिडकीतून आत येतो का?" मी म्हटलं, "न्हाई." मग म्हणाल्या, "घरात उंदीर आहेत का?"

"हायेत की. शेळ्यांची पेंड हाय, उंदीर असणारच."

"मग मला चालणार नाही. माझ्यांना आजार होईल."

मला वाटलं, मुलं असतील. म्हटलं, "मांजर आणती. मांजर आली की जात्याल."

"मांजर तर मुळीच नको. मांजराचा वास माझ्या कपड्यांवरून आत गेला की माझे दिवसभर कोपऱ्यात बसतात."

"तुमचे म्हंजे कोण?"

"माझे उंदीर," बाई म्हणाल्या. जसं कोणी म्हणावं, माझे विद्यार्थी.

मी त्यांना तिथूनच वाटेला लावणार होते. पण पुढच्या रविवारी त्या सिमेंटची पिशवी घेऊन हजर झाल्या, साडी खोचली, स्वतः सिमेंट कालवलं आणि खोलीतलं एकूण एक भोक बुजवून टाकलं. संशोधन करायचं उंदरांवर आणि पहिलं काम उंदरांची भोकं बुजवायचं, असं माणूस मी पाहिलं नव्हतं. खोली दिली.

त्या माण गावाच्या पुढे एका प्रयोगशाळेत होत्या. तिथे पांढऱ्या उंदरांच्या खोल्या होत्या. उंदीर रात्री जागतो, म्हणून तिथे दिवस आणि रात्र उलटी करून ठेवली होती. बाहेर ऊन आणि आत काळोख. त्या काळोखात लाल दिवा लावून बाई दिवसभर बसायच्या, कारण लाल उजेड उंदराला फारसा दिसत नाही. घरी आल्यावर पांढरा उजेड त्यांच्या डोळ्यांना बोचायचा. म्हणून खोलीतही लाल दिवा.

आता लाल दिवा, एकटी बाई, आणि टेबलावर कायम दोन बाटल्या. गावाला एवढं पुरतं. शेजारची म्हणाली, "मावशे, तुझी बाई पितीया." घर माझं आणि किल्ली माझी. एक दिवस आत गेले आणि दोन्ही बाटल्या हुंगल्या. वास नाही. चाखून बघितल्या. एकात साधं पाणी, एकात मिठाचं. संध्याकाळी बाई आल्यावर मी सरळ विचारलं, "मिठाचं पाणी कशाला पिता?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्यांच्या पिंजऱ्यावर अशाच दोन असतात. मी त्यांना पिठात मळून एक औषध देते. त्याने तहान लागते, लघवी फार होते, बिछाना रोज ओला. अंगातलं मीठ कमी झालं की तेच औषध आत साठत जातं आणि त्याचं विष होतं. म्हणून एक साधी आणि एक खारी. कुठलं किती प्यायचं ते त्यांचं त्यांना कळतं."

"ते उंदरांचं झालं. तुमाला कशाला?"

"सवय," बाई म्हणाल्या.

मला पटलं. आमच्या घरात मेंढरं होती तेव्हा आम्ही त्यांनाही मीठ चाटायला द्यायचो. मेंढरांबरोबर राहून माणसाला मेंढरांच्या सवयी लागतात, हे मी सासऱ्यांत पाहिलं होतं. बाईंना उंदरांची लागली असेल.

वासावरून मात्र आमची कायम भांडणं. बाई डोक्याला तेल लावत नसत, गजरा घालत नसत, अंगाला एकच साबण वापरायच्या आणि तो दुकानात संपला की चिंचवडपर्यंत जाऊन तोच आणायच्या. मी सुकटीची चटणी केली की त्या नाक दाबून यायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, उद्या माझी मोजणी आहे. आज सुकट भाजली?" मी म्हणायचे, "तुमच्या उंदरांसाठी माझ्या तोंडाची चव का घालवू?" मग त्या आपले कपडे बादलीत बुडवून, वर झाकण घालून, त्यावर धोंडा ठेवून झोपायच्या. एकदा म्हणाल्या, "पुरुष माणूस आत आला की माझे घाबरतात. त्याच्या घामाच्या वासानेच." मी म्हटलं, "मंग तुमचे उंदीर शाने हायेत." त्यावर बाई इतक्या हसल्या की हातातला चहा सांडला.

चहा त्या नेहमी अर्धा कपच घ्यायच्या. भरून दिला तर परत ओतून द्यायच्या. मला वाटायचं, हा बामणी नखरा.

चहाची त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कोणीही खोलीत आलं की त्या दोन कप पुढे ठेवायच्या, एक गोड आणि एक बिनसाखरेचा, आणि कुठला हे सांगायच्या नाहीत. माणूस एकेक घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि गोड उचलायचा. बाई बघत बसायच्या. माझ्यावर केलं, शेजारणीवर केलं, वीज बिलाच्या माणसावर केलं. माझ्या एका शेळीपुढे दोन घमेली ठेवून केलं. शेळीने दोन्ही लाथाडली. मी विचारलं, ह्यो काय खेळ. तर म्हणाल्या, "हीच माझी मोजणी. उंदराला गोड पाणी फार आवडतं. तो आतून उतरला की सगळ्यांत आधी गोड सोडतो. खातो, चालतो, बाहेरून काही दिसत नाही, पण गोड सोडतो. कोण रडतंय ते बघत बसू नका, मावशी. कोण गोड सोडतंय ते बघा."

त्यांचं हे म्हणणं मला तेव्हा मोठं वाटलं नव्हतं. दारात बसून कोणी काही बोललं की मी ऐकते आणि सोडून देते. पण हे सोडता आलं नाही, कारण माझ्या घरात मंगल होती.

मंगल माझी एकुलती. कोळवणला दिली होती. सासरी भाताची शेती, माणसं बरी. लग्नानंतर काही वर्षांनी तिला ते सुरू झालं. आधी चढायची. झोप नाही, बोलणं थांबत नाही, भाताच्या आवणीला एकटी उतरून बायांच्या पुढे दोन वाफे निघून जायची, अंगावरची नवी साडी रस्त्यावरच्या बाईला देऊन यायची. मग उतरायची. चूल नाही, वेणी नाही, भिंतीकडे तोंड. अशीच उतरलेली असताना माझ्याकडे आली आणि एका दुपारी न सांगता कासारसाईच्या धरणाकडे चालत गेली. एका गुराख्याने हाताला धरून माघारी आणली म्हणून आज आहे. तेव्हापासून मी तिच्या चढण्याला भीत नाही, उतरण्याला भिते. पुण्याच्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, मधूनमधून रक्त तपासायला सांगितलं. गोळ्यांनी ती ताळ्यावर यायची, ताळ्यावर आली की गोळ्या सोडायची. शेवटी, बाई माझ्याकडे राहत असतानाच, तिची सासू तिला माझ्या दारात सोडून गेली. म्हणाली, "बरी झाली की नेतू."

बाईंनी मंगलला दोन-तीन दिवस नुसतं पाहिलं. मग मला म्हणाल्या, "ह्या कुठल्या गोळ्या घेतात?" मी पाकीट दाखवलं. बाईंनी ते उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "हेच मी माझ्यांना पिठातून देते."

माझं डोकं फिरलं. "माझ्या पोरीला उंदराचं औषध देत्यात व्हय?"

"उलट आहे, मावशी. औषध माणसांचं आहे. ते डोक्यात नेमकं काय करतं हे अजून नीट कळलेलं नाही. म्हणून मी उंदरांना देऊन बघते."

मंगल उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "मंजी मी आन् तुमचे उंदीर एका पंगतीला." आणि हसली. ती हसली त्याला बरेच महिने झाले होते. त्या दिवसापासून ती बाईंच्या खोलीत जायला लागली. मी आतून ऐकायचे. बाई तिला सगळं सांगायच्या, बाहेरच्या माणसाला सांगावं तसं नाही, कामातल्या माणसाला सांगावं तसं.

हे औषध सापडलं कसं, तेही मी असंच भिंतीआडून ऐकलं. फार पूर्वी परदेशात एका डॉक्टरला वाटलं होतं की वेडाचं विष रोग्याच्या लघवीत असतं. ते तपासायला त्याने गिनीपिगला काही काही टोचलं. त्यात ह्याच औषधाचा क्षार होता. गिनीपिग गप्प पडून राहिले. त्याला वाटलं, शांत झाले. "बहुतेक ते आजारीच पडले होते," बाई म्हणाल्या. "पण त्याने ते माणसाला देऊन बघितलं आणि माणूस खरंच बरा झाला. चुकीच्या दारातून बरोबर घरात गेला."

मंगल म्हणाली, "गिनीपिगांचं काय झालं?"

"ते कुणी लिहून ठेवलेलं मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

बाईंना आयुष्यात एकच उंदीर हवा होता. तो कसा, ते त्यांनी मला शेळ्यांना पाला टाकताना समजावलं. एका उंदराला तरतरी आणणारं औषध टोचलं, नाहीतर झोपू दिलं नाही, की तो चढतो. सारखा पळतो. दुसऱ्याला रोज थोडा त्रास दिला की तो उतरतो, गोड सोडतो. पाण्यात टाकला तर पोहायचं सोडून नुसता तरंगतो. पण हे दोन वेगळे उंदीर. "मला एकच उंदीर पाहिजे," बाई म्हणाल्या. "मी काही न करता आपोआप चढेल आणि आपोआप उतरेल. तरच तो वळतो कधी आणि वळणावर आत काय होतं ते बघता येईल. उंदराला हा आजार होत नाही, मावशी. आम्ही त्याचा एकेक तुकडा उंदराला देतो आणि तुकड्यावरून आख्खं माणूस ओळखायला बघतो."

मी म्हटलं, "पवायचं सोडलं म्हंजी दुःखी झाला कशावरनं? दमला आसंल. न्हाईतर शाना झाला आसंल, म्हनला आसंल ही बाई काढतीया नंतर, उगा कशाला हातपाय मारू."

"यावरून आमच्या प्रयोगशाळेत रोज भांडणं होतात," बाई म्हणाल्या. "मी पाण्यात टाकणं बंद केलं ते त्यामुळेच. गोडावर माझा जास्त भरवसा."

"आन् आपोआप चढनारं, आपोआप उतरनारं तर माझ्या घरातच हाय. तिला न्हेता का पिंजऱ्यात?"

मी चेष्टेत बोलले. बाईंनी पाला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तिच्यावर प्रयोग करायचा नाही म्हणून तर इतके उंदीर मारते."

मारायच्या, हे खरं. प्रयोग संपला की उंदीर मारावे लागतात, डोकं उघडून बघायला. ते काम बाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. शेपटीला धरून उचलणाऱ्याचा त्यांना राग यायचा. ओंजळीत घ्यायचं, छातीशी धरायचं, मगच. त्या दिवशी घरी आल्या की दोनदा अंघोळ करायच्या आणि खोलीत बसायच्या. रडायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "आमीबी बोकड कापतो. पन खातो तरी. तुमी मारून फुकट घालवता." बाई म्हणाल्या, "फुकट जात नाही. ते मी खाते." मी समजले, उपमा देतायत. शिकलेली माणसं देतात.

आता नवरात्राचं सांगते.

मंगल गोळ्यांवर नीट टिकली होती. बाई रोज संध्याकाळी दारातून ओरडायच्या, "मंगल, गोळी? मीठ? पाणी?" आणि मंगल आतून ओरडायची, "व्हय, व्हय, व्हय." गावातली पोरं त्यावरून चिडवायची. असं वर्षभर चाललं. मग घटस्थापनेच्या आधी बाई कुठल्याशा कामाला हैदराबादला गेल्या आणि त्याच आठवड्यात कोळवणहून माझी विहीण आली. मंगल बरी दिसते हे तिनेही पाहिलं. जाताना मंगलला एकटीला म्हणाली, "नवरात्रभर अळणी धर. देवीला बोललीया मी. घट उठला की तुला न्यायला येतू."

मंगलला सासरी जायचं होतं. तिने मला एवढंच सांगितलं, उपास धरलाय. आमच्यात सगळ्याच बाया धरतात. तिने जेवणातलं मीठ सोडलं, पाणी घोटघोट केलं आणि गोळी मात्र इमानाने घेत राहिली, कारण बाईंनी सांगितलं होतं, गोळी सोडायची नाही. मीठ-पाण्याचंही सांगितलं होतं. पण देवीपुढे मिठाचं कोण धरतं.

पहिले काही दिवस नुसती मरगळ. मग जुलाब लागले. मला वाटलं उपासाने. मग एका संध्याकाळी घटापुढे आरती चालू असताना मंगल उठली आणि डोलायला लागली. हात थरथरायला लागले, साधे नाहीत, पाखराच्या पंखासारखे. तोंडातून शब्द जड येत होते. विहीण त्या दिवशी मुद्दाम आली होती. ती ओरडली, "आली, देवी आली," आणि पहिली तिच्या पायावर पडली. मग सगळ्या बाया पडल्या. कुणी कपाळभर कुंकू लावलं, कुणी ओटीत नारळ घातला. एक म्हणाली, "माय, माझ्या पोराच्या नोकरीचं बोल." मंगलने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आये, जमीन हलतीया."

बाई त्याच वेळी एसटीतून उतरून आल्या. हातात पिशवी. दारात चपलांचा ढीग बघून आत डोकावल्या आणि पिशवी तिथेच टाकली. बायांच्या मधून वाट काढत पुढे आल्या.

"मंगल, हात पुढे कर. दोन्ही. असे सरळ."

मंगलने केले. हात जागेवर राहीनात.

"बाई, लांब व्हा," विहीण म्हणाली. "देवी हाय ती. शिवू नगा."

"मीठ कधीपासून बंद आहे?"

"अळणी धरलंय तिनं. माझ्या सांगन्यावरनं. बगा, प्रसन झाली का न्हाई."

"पाणी?"

"घोटभर."

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "मावशी, आजची गोळी देऊ नका. गाडी बघा. तिच्या अंगात औषध साठलंय."

एक म्हातारी म्हणाली, "भरल्या घटावरनं उठवू नगा. देवीचा कोप हुईल तुमच्यावर."

"होऊ दे," बाई म्हणाल्या. "मी रोज जीव मारते. माझ्यावर आधीच असणार."

मी विहिणीला बाजूला सारलं, मंगलच्या ओटीतला नारळ काढून घटापुढे ठेवला आणि शेजारच्याचा दुधाचा पिकअप बाहेर काढायला लावला. मागे किटल्यांच्या मध्ये गोधडी टाकून मंगलला आडवी केली. कपाळावर कुंकू तसंच. बाई सगळ्या रस्त्याने तिच्याशी बोलत होत्या. नाव काय, गाव कुठलं, शेळ्या किती. शेळ्यांचा आकडा तिने चुकीचा सांगितला तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

रुग्णालयात बाईंनी डॉक्टरला औषधाचं नाव सांगितलं, अळणी सांगितलं, जुलाब सांगितले. रक्त घेतलं. औषध फार वाढलं होतं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. मंगल झोपली. बाईंनी वर टांगलेल्या बाटलीकडे बोट केलं. "ही बघा, मावशी. खारी."

सकाळी बाहेर बाकावर बसलो होतो. पोऱ्याने चहा आणला, मी त्यांच्या कपातला अर्धा माझ्यात ओतून घेतला, सवयीने. मग विचारलं, "तुमी दारातनंच कसं वळखलं? उंदराचे हात बी आसंच हालत्यात का?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि आपला हात माझ्यापुढे सरळ धरला. बोटं अगदी बारीक थरथरत होती. त्यातून भरलेला कप कधीच सांडल्याशिवाय गेला नसता.

"हे एवढं चालतं," त्या म्हणाल्या. "त्याच्यापेक्षा जास्त झालं की रक्त तपासायचं. मी ऐन तरुणपणापासून घेतेय. खाऱ्या बाटलीची गरज नाही म्हणतात माझे डॉक्टर, नेहमीचं जेवण पुरे. पण मी उंदरांकडून शिकले."

मी म्हटलं, "मंजी पंगतीला तिघं." बाई म्हणाल्या, "हो. आणि वाढणारी पण मीच."

मंगल परत सासरी गेली नाही. विहीण पुढे गावभर सांगत होती की त्या उंदीरवालीने आमची देवी हाकलली. न्यायला मात्र आली, कारण एकदा अंगात आलेली सून घरात असलेली बरी. मंगलने तिला दारातच सांगितलं, "मी हितंच बरी हाय. मीठ खाऊन." तेव्हापासून शेळ्या तीच बघते. दर नवरात्रात उपास धरते, मीठ घालून.

बाईंना त्यांचा उंदीर सापडला नाही. निवृत्त व्हायची वेळ आली तशी प्रयोगशाळेने ती खोली दुसऱ्या कामाला दिली. उरलेले उंदीर बाईंनीच संपवले. त्या दिवशी घरी आल्या, दोनदा अंघोळ केली आणि म्हणाल्या, "झालं. नाही मिळाला." मी म्हटलं, "दुसरं कुनी शोधंल." त्या "हं" म्हणाल्या.

पुढे बाई गेल्या त्या मूत्रपिंडाने. ते औषध फार वर्षं घेतलं की कधी कधी तसं होतं, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. नागपूरला भाचीकडे, अंथरुणात, म्हातारपणी गेल्या. मंगल आणि मी जाऊन आलो. भाचीने त्यांच्या दोन बाटल्या देऊ केल्या. मी म्हटलं, नको, रिकाम्या बाटल्या घरात खूप आहेत. मंगलने मात्र एक घेतली.

मला बाई आठवतात त्या नागपूरच्या नाही. त्याच्या किती तरी आधीच्या, निवृत्तीनंतरच्या त्या एका सकाळच्या.

त्यांनी नागपूरला जायचं पहिल्यांदा ठरवलं, ती सकाळ. टेम्पो दारात उभा होता. गादी, टेबल, पुस्तकांची खोकी चढली होती. बाई नीट नेसल्या होत्या, हसत होत्या, आल्यागेल्याला पत्ता देत होत्या. भाचीला कळवलंत का विचारलं तर म्हणाल्या, "तिथे गेल्यावर कळवेन." खोलीचा केर त्यांनी स्वतः काढला होता. मंगलला त्यांनी आपलं घड्याळ दिलं, शेजारणीला पातेली दिली, मला चांगली ऊबदार शाल दिली. मला ते वाटून टाकणं आवडलं नाही, पण जाणारं माणूस देतं. मंगलने शेवटचा म्हणून चहा केला. तिने खोडी काढायची म्हणून बाईंच्याच पद्धतीने दोन अर्धे कप पुढे ठेवले, एक गोड, एक बिनसाखरेचा.

बाईंनी एकाचा घोट घेतला. दुसऱ्याचा घेतला. मग दोन्ही ठेवून दिले.

"कुठला गोड, सांगा," मंगल म्हणाली.

"दोन्ही सारखेच," बाई म्हणाल्या आणि टेम्पोकडे निघाल्या.

मंगलने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही कप चाखले. एक गोड होता, चांगला पाकासारखा गोड.

मी बाहेर गेले आणि टेम्पोवाल्याला म्हटलं, "सामान उतरव."

बाई वळल्या. "मावशी, हे काय? मी गोळ्या घेतेय."

"घ्या की. हितं ऱ्हाऊन घ्या. उद्या मंगल तुमास्नी डॉक्टरकडं न्हेईल."

"मी ठीक आहे. सगळं ठरलंय."

"ठरलं आसू द्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते हसणं हळूहळू तोंडावरून उतरलं आणि खाली जे होतं ते मला दिसलं. मंगल धरणावरून माघारी आली तेव्हा तिच्या तोंडावर तेच होतं.

"तुम्ही माझ्यावर प्रयोग करताय," बाई म्हणाल्या.

"व्हय."

मंगलने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. टेम्पोवाला दोरी धरून उभा होता. म्हणाला, "आजी, नक्की काय करू?"

मी म्हटलं, "आधी गादी उतरव."